जातीचा रकाना आणि वस्तीची जागा

रविवारी विहारात वंदना आटोपली की मंडळी लगेच घरी जात नाहीत. चपला शोधता शोधता गप्पा रंगतात आणि बऱ्याचदा खरी सभा तिथेच होते. नगरपरिषदेच्या निवडणुकीचा धुरळा खाली बसल्यावर अशाच एका रविवारी वस्तीतल्या एका तरुण मुलाने आम्हाला गाठले. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांचे मतदान झाले. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला आणि काही ठिकाणी २० डिसेंबरला. मोजणी २१ तारखेला झाली. त्याआधी तीन-चार वर्षे बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसलेले होते. त्यामुळे या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच नगरसेवकासाठी मत दिले होते. तो म्हणाला, "काका, आपल्या वस्तीला राखीव जागा मिळते किंवा मिळत नाही, ते ठरवतं कोण? पक्ष, आमदार, का कलेक्टर?"

आम्ही म्हणालो, "तुझी आजी ठरवते."

पोरगा हसला. त्याला वाटले आम्ही थट्टा करतो आहोत. पण वाचकहो, आम्ही अगदी हिशेबाने बोललो होतो, आणि तोच हिशेब आज या सदरात मांडायचा आहे. आमचे शिक्षण बी.कॉम.चे आणि पोट कारकुनीवर. तेव्हा भाषणापेक्षा आकडेमोड आम्हाला बरी जमते.

आधी नगरपालिका म्हणजे आपल्या लेखी काय, ते पाहू. गटार, दिवाबत्ती, घरपट्टी एवढाच तिचा अर्थ आपण लावतो. पण ज्या सत्याग्रहाने आपला समाज माणसात आला, त्या महाडच्या तळ्याची गोष्ट नगरपालिकेच्या ठरावापासूनच सुरू होते. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारून १९२४ साली चवदार तळे खुले केले, ते अर्थात कागदावर. मार्च १९२७ मध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टात त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पाणी तेच, तळे तेच. सभागृहात हात वर झाले तेव्हा तळे उघडले आणि पुन्हा हात वर झाले तेव्हा बंद झाले. ते हात कोणाचे होते आणि कोणाचे नव्हते, हे सांगायला नकोच. आमच्या शेवगाव तालुक्याच्या उशाला नाथसागराचे पाणी पसरलेले आहे. तरीही नळ किती दिवसांनी येणार आणि कोणत्या गल्लीची पाइपलाइन आधी होणार, हे आजही सभागृहातले हातच ठरवतात. म्हणून त्या सभागृहातल्या खुर्च्यांचा हिशेब आपल्या घरातल्या बायाबापड्यांना, पोरासोरांना पाठ असला पाहिजे.

हिशेब असा. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देणे बंधनकारक केले. म्हणजे नगरपरिषदेच्या एकूण जागांना अनुसूचित जातींच्या लोकसंख्येने गुणायचे आणि गावाच्या एकूण लोकसंख्येने भागायचे. समजा, गावाची लोकसंख्या ४०,००० आणि नगरसेवकांच्या जागा २४. अनुसूचित जातींची माणसे ५,०००. उत्तर येते बरोबर ३. आता याच गावात ९०० माणसांची नोंद अनुसूचित जातीत झाली नाही असे धरा. राहिली ४,१००. पुन्हा गणित करा, उत्तर येते २.४६. अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक सोडून देतात. उरल्या २ जागा. एक खुर्ची गेली. कोणी दंगल केली नाही, पैसे वाटले नाहीत, यंत्रात घोटाळा केला नाही. ९०० माणसे जिवंत आहेत, वस्तीत नांदत आहेत, मतदानही करतात. फक्त एका रकान्यात ती नाहीत. (हे आकडे आम्ही केवळ गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत, ते कोणा एका गावचे नाहीत.)

पुढची पायरी. उरलेल्या जागा कोणत्या प्रभागांना जाणार? अनेकांचा समज असा की सगळेच चिठ्ठीवर असते. महिलांच्या जागा चिठ्ठीने निघतात, हे खरे. पण अनुसूचित जातीची जागा देताना प्रभागातली टक्केवारी पाहतात. जिथे अनुसूचित जातींचे प्रमाण सर्वांत जास्त, तिथून खाली उतरत जातात आणि फिरते आरक्षणही लक्षात घेतात. म्हणजे रकान्यातल्या चुकीचा मार दुहेरी बसतो. गावाच्या एकूण जागा घटतात आणि आपली वस्ती ज्या प्रभागात आहे तो उतरंडीत खाली घसरतो.

हे आकडे येतात कोठून? जनगणनेतून. शेवटची जनगणना २०११ सालची. २०२१ ची कोरोनामुळे लांबली. २०११ साली आमचे शेवगाव ग्रामपंचायतीचे गाव होते. नगरपरिषद नंतर झाली, वॉर्डाचे प्रभाग झाले, पण शिरगणतीचे आकडे तेच राहिले. २०११ नंतर जन्मलेले पोर आज दहावीच्या उंबरठ्यावर आहे, पण प्रभागाच्या हिशेबात ते अजून जन्मलेलेच नाही. पंधरा वर्षांपूर्वी दारात आलेल्या गुरुजींनी जे लिहून नेले, त्यावर २०२५ ची निवडणूक झाली. म्हणून आम्ही त्या मुलाला आजीचे नाव सांगितले.

आता आमच्याच दाराची हकीकत सांगतो. २०११ च्या फेब्रुवारीत गुरुजी आले होते. ओळखीचेच. ओट्यावर बसले, पाणी घेतले, फॉर्म उघडला. नावे झाली, वये झाली. धर्म विचारला. आई म्हणाली, "बौद्ध." पुढे त्यांनी अनुसूचित जातीपैकी का, म्हणून विचारले. आई ताठ झाली. म्हणाली, "गुरुजी, आम्हाला जात नाही. आम्ही बौद्ध. तेवढंच लिहा." गुरुजींनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला. आम्ही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो, चळवळीत नुकते रुळत होतो. दाराशी उभे राहून आम्हाला आईचा अभिमान वाटला. संध्याकाळी चौकात चार जणांना ते कौतुकाने सांगितलेही. त्या दिवशी आमच्या घरची सहा माणसे अनुसूचित जातीच्या मोजणीतून बाहेर पडली आणि आम्ही, बी.कॉम. झालेला माणूस, टाळ्या वाजवत होतो!

आईला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो शब्द तिने कसा ऐकला, कोणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या शिवीला जोडून ऐकला, ते तिचे तिला ठाऊक. आमच्या आजीने १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून गोदावरीत सोडले होते. त्या फडक्याबरोबर तो शब्दही पाण्यात गेला, असे आमच्या घरात मानतात. घराघरांत असेच झाले. जे नाव टाकण्यासाठी एवढे मोठे धर्मांतर केले, तेच नाव सरकारी माणसापुढे पुन्हा उच्चारायचे? हा प्रश्न साधा नाही. जे कार्यकर्ते "त्यात काय एवढं" म्हणून मोकळे होतात, त्यांनी तो शब्द अंगावर झेललेला नसतो.

पण या रकान्याला इतिहास आहे आणि तो नव्या पिढीला कोणी सांगत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात असे होते की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख बांधवांची भर पडली. बौद्ध बाहेरच राहिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने नवबौद्धांना शिक्षण-नोकरीतल्या सवलती दिल्या, पण घटनेच्या यादीवर चालणाऱ्या राखीव जागांचे दार बंदच होते. एक उदाहरण पाहा. नागपूर जिल्ह्यातल्या एका राखीव मतदारसंघातून १९६२ साली डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली निकाल लागला की त्यांनी जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत आणि राखीव जागेवर उभे राहण्यास पात्र नाहीत. लोकांनी निवडून दिलेला माणूस धम्म मानतो म्हणून घरी गेला. त्या काळात आपल्या कार्यकर्त्यांपुढे दोनच वाटा होत्या. एक तर कागदावर हिंदू राहायचे, नाहीतर राखीव जागा सोडायची. किती जणांनी घरात बुद्धमूर्ती आणि खिशात हिंदू दाखला असा संसार केला, हे जुन्या मंडळींना विचारा. आणि किती जणांनी जागा सोडून दिली, तेही विचारा. त्यांची नावे कोणत्याच यादीत सापडत नाहीत.

शिरगणतीतही त्याचे प्रतिबिंब पडले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. १९५१ साली हा आकडा अडीच हजारांच्या आसपास होता! जगाच्या इतिहासात दहा वर्षांत असा आकडा क्वचितच बदलला असेल. पण हे सगळे लोक अनुसूचित जातीच्या रकान्यातून मात्र बाहेर गेले. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण अवघे सात टक्क्यांच्या आसपास दिसते. मग १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात आदेशात दुरुस्ती झाली आणि हिंदू, शीख यांच्या पंक्तीला बौद्ध हा शब्द आला. लगेच १९९१ च्या जनगणनेत हेच प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत आपल्या घरांत काही दुप्पट पाळणे हलले नव्हते. यादीचे दार उघडले आणि आत येता येईना झालेली माणसे आत आली, एवढेच.

म्हणजे १९९० नंतर आपल्याला दोन्ही रकाने मोकळे झाले. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात यादीतले नाव. एक लिहिल्याने दुसरे पुसले जात नाही. मेश्राम यांच्या वेळची ओढाताण कायद्याने संपवली. पण आपण ती मनात चालू ठेवली. २०११ ची आकडेवारी पाहा. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांहून थोडे अधिक. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदले गेले सुमारे ५२ लाख. उरले १३ लाख. हे सगळेच चुकून सुटले असे आम्ही म्हणणार नाही. इतर समाजांतून आणि आदिवासींतून धम्मात आलेले बांधव त्यांत आहेत. परंतु आमच्या आईसारखी ताठ मानेची किती घरे त्यांत असतील, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या गल्लीवरून करावा. "बौद्ध" हे जातीचे नाव म्हणून सांगितले, "नवबौद्ध" सांगितले, किंवा "जात नाही" म्हटले, तरी परिणाम एकच. अनुसूचित जातींच्या यादीत ही नावे नाहीत. यादीत पूर्वाश्रमीचे नाव आहे.

यावर आपल्यातलेच काही विद्वान बांधव म्हणतात की जातिअंताचे ध्येय घेतलेल्या समाजाने जातीचा रकाना भरणे म्हणजे बावीस प्रतिज्ञांना हरताळ फासणे होय. बौद्धांची संख्या वेगळी आणि भरघोस दिसू द्या, सत्ता आपोआप येईल, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हाला आदर आहे. मात्र बौद्धांची संख्या धर्माच्या रकान्यातून मोजतात, ती जातीच्या रकान्याने घटत नाही. आणि दुसरे असे की हा रकाना आपण कोण आहोत हे विचारत नाही. आपल्याशी काय वागणूक झाली, ते तो विचारतो. फौजदारी फिर्यादीत मार खाल्लेल्या जागेचा पंचनामा करतात, तसा हा पंचनामा आहे. पंचनाम्यात जखम लिहिल्याने माणूस जखमेचा भक्त होत नाही. धर्मांतर केले तर राजकीय हक्कांचे काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी टाळला नव्हता. १९३६ साली मुंबईत 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्यांनी तो स्वतःहून घेतला आणि त्याचा ऊहापोह केला. आपण तो नुसत्या अभिमानावर सोडवू पाहतो.

या अभिमानाची दुसरी बाजूही पाहा. ओळखीतल्या एक ताई. बचत गट चालवतात, बोलायला खंबीर. राखीव महिला जागेवर उभे राहायचे त्यांनी मनावर घेतले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहिलेले "नवबौद्ध". राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा, शिवाय जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच हवी. पुढे मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही, तर निवडून आलेले पद आपोआप जाते. हे उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलेले आहे. बाईची जात वडिलांकडून धरतात, म्हणून पुरावे माहेरचे लागले, तेही १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे. सासरचे दोघे आणि माहेरचे तिघे असे पाच जण तीन दिवस हिंडले. वंशावळीचे शपथपत्र केले. कोतवाल बुकात पाहिले. शेवटी आजोबांच्या शाळेतल्या जीर्ण रजिस्टरात, वाळवीने कड खाल्लेल्या पानावर आजोबांचे नाव आणि पुढे तो शब्द सापडला. ताईंचे भाऊ सांगत होते, "दादा, तो शब्द दिसला आणि आम्ही एकमेकांना मिठीच मारली." ज्या शब्दासाठी जनगणनेच्या दिवशी दार लावून घेतले, त्याच शब्दाचा निर्गम उतारा मिळाला म्हणून पेढे! (तिकीट पुढे दुसऱ्याच बाईंना मिळाले. तो विषय वेगळा.)

वेगळा म्हटला, तरी त्यावर दोन शब्द लिहायला हवेत. नाहीतर वाचक म्हणतील, जागा मिळवून तरी काय उपयोग, राखीव जागेवर बाहुलेच बसवतात. हे आम्ही नाकारत नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि संयुक्त मतदारसंघ आला. त्या दिवसापासून आपला प्रतिनिधी सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो. प्रभागात आपली मते पाचशे आणि बाकीची दोन हजार असतील, तर उमेदवार वस्तीच्या पारावर ठरेल की वाड्याच्या ओसरीवर, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. महिला राखीव असेल तर त्यातही नवरोबा सभेला जाऊन बसतात, बाई सहीपुरत्या.

पण जुन्या मंडळींनी याच चौकटीतून वाट काढली होती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात एकापेक्षा अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी चाळीचाळींतून फिरून हे गणित न शिकलेल्या गिरणी कामगारांना पढवले. मुंबईत भायखळा-परळ भागातून बाबासाहेब १३,२४५ मते घेऊन निवडून आले. त्यांच्या विरोधात उभे असलेले नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना ११,२२५ मते होती. त्याच निवडणुकीत आमच्या अहमदनगर जिल्ह्यातून (आताचा अहिल्यानगर) स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम कायदेमंडळात गेले. आज दोन जागांच्या प्रभागात मतदाराला दोन मते असतात, पण एका जागेला एकच देता येते. ती मुभा उरली नाही. तरी मतदानाचे गणित घरोघर पोचवण्याची ती जुनी रीत कोणी बंद केलेली नाही. आपणच ती सोडली आणि बॅनरवरच्या फोटोंच्या क्रमावरून भांडत बसलो. रिपब्लिकन गटांची नावे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. असो.

बाहुल्याचा प्रश्न जागा मिळाल्यानंतरचा. जागाच गेली तर बाहुलेही नाही आणि माणूसही नाही. आणि राखीव जागा नसलेल्या प्रभागात आपल्या माणसाला तिकीट देणारा पक्ष कुठे असेल, तर त्याचे नाव आम्हाला जरूर कळवावे. आम्ही याच सदरात त्याचा सत्कार करू.

प्रभागरचनेच्या वेळी काय होते तेही सांगून ठेवतो, कारण ती वेळ पुन्हा येणार आहे. जनगणनेत गावाचे लहान लहान तुकडे पाडतात. त्याला प्रगणक गट म्हणतात. ते शक्यतो न फोडता जोडून प्रभाग बनवतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, नकाशा फलकावर लागतो आणि हरकती-सूचनांसाठी मोजकेच दिवस मिळतात. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभर हे झाले. नकाशा लागला म्हणजे आपण काय करतो? "लागला का? बघू." बघू म्हणता म्हणता मुदत जाते. आम्ही दुपारच्या सुट्टीत डबा न खाता जाऊन पाहिला. नकाशापुढे दोन माणसे उभी होती आणि दोघेही पुढारी होते. एकाच्या हातात पट्टी होती! वस्तीचा अर्धा भाग रस्त्याच्या एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला धरला, तर दोन्हीकडची टक्केवारी किती राहते, हे त्याला पाठ होते. आपल्या वस्तीचे प्रगणक गट कोणते, हे आपल्यापैकी दहा जणांनाही ठाऊक नव्हते. ती यादी मागितली तर बघायला मिळते. हरकत साध्या कागदावर, सहीनिशी आणि पोच घेऊन देता येते. सुनावणीला मात्र जावे लागते. त्यासाठी रजा टाकावी लागते. आम्ही टाकली होती, बिनपगारी.

आता पुढचे. केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी नव्या जनगणनेची अधिसूचना काढली. बहुतेक देशासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा ठरला असून माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत ठेवली आहे. यावेळी सर्वच समाजांच्या जातींची नोंद होणार आहे. स्वातंत्र्यानंतर जनगणनेत असे प्रथमच होते आहे. मोबाईलवरून स्वतः माहिती भरण्याचीही सोय ठेवली आहे. म्हणजे यावेळी आजीच्या जोडीला नातूही जबाबदार. पोरे घाईघाईने बोट फिरवून "बौद्ध, बौद्ध" दोन्हीकडे टाकतील, याची आम्हाला खरी भीती वाटते. प्रभागच काय, विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागाही जनगणनेच्याच आकड्यांवर ठरतात. एकदा लिहिले की पुढची दहा वर्षे ते पुसता येत नाही. यावेळी पंधरा झाली.

आम्ही वस्तीत एक साधा उपक्रम घेतला आहे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहाराच्या फळ्यावर खडूने दोन रकाने आखतो. पहिल्यात धर्म, दुसऱ्यात जात. एक मुलगी गुरुजी होते, एक आजी घरधनीण होते आणि प्रश्नोत्तरे होतात. पहिल्या वेळी हसूनच पुरेवाट झाली. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मावशींनी दुसऱ्या रकान्याशी अडून डोळ्याला पदर लावला आणि मग कोणी हसले नाही. महिला मंडळाच्या तायांनी मग असे ठरवले की कोणावर सक्ती नको, घरोघरी जाऊन बोलायचे. ज्या घरचे जातीचे दाखले काढायचे राहिले आहेत, त्यांची यादीही त्याच फेरीत करायची. आतापर्यंत चार गल्ल्या झाल्या. एका घरी आम्हाला "तुम्ही बाबासाहेबांच्या विरुद्ध शिकवता" असे ऐकवून परत पाठवले. तिथे आम्ही पुन्हा जाणार आहोत.

सर्वांत अवघड घर आमचेच होते. आई आता सत्तरीच्या पुढे आहे. सगळा हिशेब, २४ जागा आणि २.४६, सारे तिच्यापुढे मांडून झाले. ती ऐकत होती, हाताने मेथी निवडत होती. शेवटी म्हणाली, "धर्म बौद्ध हे मी मोठ्यानं सांगीन. तो दुसरा शब्द माझ्या तोंडून येणार नाही. तू कागदावर लिहून दे. गुरुजी आले की मी कागद दाखवीन."

आम्ही वहीचे पान फाडले आणि दोन ओळी लिहून दिल्या. तिने ते पान न वाचता घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आणि मेथीची जुडी पुढे ओढली.